एन्झाइमचा कॉलम पहिल्यांदा उभारताना: सुक्रोजपासून ग्लुकोज-फ्रुक्टोज, न थांबता

एन्झाइम द्रावणात टाकायचं, साखर फुटली की उकळून ते मारायचं आणि पाकाबरोबर घालवून टाकायचं, ही झाली बॅच पद्धत. तेच एन्झाइम एखाद्या घन पदार्थात अडकवून कॉलममध्ये भरलं, तर एका टोकाने सुक्रोज आत जातं, दुसऱ्या टोकाने ग्लुकोज-फ्रुक्टोज बाहेर येतं आणि एन्झाइम जागच्या जागी राहून दिवसेंदिवस काम करतं. कल्पना जुनी आहे. नेल्सन आणि ग्रिफिन यांनी १९१६ साली इन्व्हर्टेज हे एन्झाइम कोळशावर चिकटवलं आणि तशा अवस्थेतही ते सुक्रोज फोडतं हे दाखवलं. कारखान्यात मात्र हे तंत्र यायला १९६९ साल उजाडलं. जपानच्या तानाबे सेयाकू कंपनीत इचिरो चिबाता यांच्या गटाने अमिनो आम्लं वेगळी करण्यासाठी असे कॉलम चालवले. साखरेच्या धंद्यातला याचा सगळ्यात मोठा वापर म्हणजे फ्रुक्टोज सिरप, पण त्याच्याकडे शेवटी येऊ.

हा लेख प्रयोगशाळेतला पहिला कॉलम उभारणाऱ्यांसाठी आहे: प्रकल्प करणारे विद्यार्थी, छोट्या प्रमाणावर चाचणी घेणारे. उदाहरणाला बेकरी यीस्टमधलं इन्व्हर्टेज घेतलंय. ते सहज मिळतं, चिवट असतं आणि त्याची प्रतिक्रिया जवळजवळ शेवटपर्यंत जाते. शिकायला याहून सोपं एन्झाइम मला माहीत नाही.

एक गोष्ट आधीच सांगतो. जो तो एन्झाइम अडकवायचे मणी बनवण्यापासून सुरुवात करतो, कारण ते दिसायला छान असतं आणि एका दुपारात होतं. पण कॉलम खरंच किती साखर फोडतोय, एन्झाइम टिकतंय की वाहून जातंय, हे सांगता आलं नाही तर त्या मण्यांचा काही उपयोग नाही. म्हणून इथला क्रम थोडा उलटा आहे: आधी मोजमाप, मग मणी.

१. सामान गोळा करा

- काचेचा कॉलम, शक्यतो पाण्याचं जॅकेट असलेला. पुढची गणितं २.५ सेंमी व्यास आणि ३० सेंमी उंचीची धरली आहेत
- पेरिस्टाल्टिक पंप आणि त्याच्या सुट्या नळ्या
- तापमान धरून ठेवणारा वॉटर बाथ
- सोडियम अल्जिनेट (कॅल्शियम मिळालं की घट्ट होणारा पदार्थ, याचेच मणी पाडायचे), कॅल्शियम क्लोराइड, सोडियम अॅसिटेट, अॅसेटिक आम्ल
- सुकं बेकरी यीस्ट, शुद्ध सुक्रोज, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज
- डीएनएस (डायनायट्रोसॅलिसिलिक आम्ल) अभिकर्मक आणि ५४० नॅनोमीटरवर वाचणारा कलरीमीटर किंवा स्पेक्ट्रोफोटोमीटर
- पीएच मीटर, सिरिंज, जाड सुई, स्टॉपवॉच, मोजपात्र
- एक वही

वही शेवटी लिहिली म्हणून तिला दुय्यम समजू नका. रोजचा प्रवाह, तापमान, आत जाणाऱ्या द्रावणाचं वाचन, बाहेर येणाऱ्याचं वाचन असे चार रकाने आखा आणि चारही रोज भरा. पहिल्या आठवड्यात हे निरर्थक वाटतं. तिसऱ्या आठवड्यात रूपांतर (किती टक्के सुक्रोज फुटलं) अचानक घसरलं की दुसरा कुठलाच पुरावा हाताशी नसतो.

२. मोजमाप बसवा

सुक्रोज ही क्षपणकारी (रिड्यूसिंग, म्हणजे दुसऱ्या पदार्थाला इलेक्ट्रॉन देणारी) साखर नाही. ग्लुकोज आणि फ्रुक्टोज आहेत. डीएनएस चाचणी याच फरकावर चालते. नमुना डीएनएसमध्ये टाकून पाच मिनिटं उकळत्या पाण्यात ठेवला की क्षपणकारी साखरेच्या प्रमाणात पिवळ्याचा तांबूस-तपकिरी रंग होतो. अभिकर्मक चांगलाच अल्कधर्मी असल्यामुळे नमुना त्यात पडताक्षणी एन्झाइम थांबतं, हा आयता फायदा.

प्रमाण आलेख (माहीत असलेल्या साखरेला किती रंग येतो त्याचा) नुसत्या ग्लुकोजवर काढू नका. ग्लुकोज आणि फ्रुक्टोज निम्मे-निम्मे घेऊन काढा, कारण कॉलममधून तेच मिश्रण येणार आहे आणि दोघांचा रंग अगदी सारखा येत नाही. हा आलेख लिटरला एखाद-दोन ग्रॅमपर्यंतच सरळ राहतो. तुमचा पाक लिटरला १०० ग्रॅमच्या आसपास असेल, म्हणजे नमुना शंभरपट पातळ करावा लागेल. चुका रंगात कमी होतात, या पातळ करण्यात जास्त. एकदम शंभरपट करण्यापेक्षा दहापट, मग पुन्हा दहापट असं करा आणि प्रत्येक नमुना दोनदा लावा.

आता सगळ्यात जास्त लोक जिथे अडखळतात ते गणित. सुक्रोज फुटताना पाण्याचा एक रेणू आत घेतला जातो. ३४२ ग्रॅम सुक्रोजपासून ३६० ग्रॅम साखर मिळते. म्हणजे लिटरला १०० ग्रॅम सुक्रोज पूर्ण फुटलं तर १०० नव्हे, १०५.३ ग्रॅम क्षपणकारी साखर दिसायला हवी. रूपांतराची टक्केवारी काढताना भागाकार १०५.३ ने करायचा. १०० ने केला तर ९७ टक्क्यांच्या जागी १०२ टक्के येतात, मग माणूस डीएनएसला दोष देत बसतो.

पोलरिमीटर (द्रावणातून जाताना ध्रुवित प्रकाशाचं प्रतल किती अंश वळतं, म्हणजे वलन, ते मोजणारं उपकरण) असेल तर त्याचा पडताळ्यासाठी उपयोग करा. लिटरला १०० ग्रॅमचं सुक्रोज १० सेंमीच्या नळीत साधारण +६.६५ अंश दाखवतं; पूर्ण फुटल्यावर २० अंश से. तापमानाला ते उणे २ च्या आसपास जातं. फक्त एक खोच आहे. नुकतंच सुटलेलं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज आपल्या स्थिर वलनावर यायला वेळ घेतात. नमुना काढून लगेच वाचला तर रूपांतर आहे त्याहून कमी दिसतं. मायकेलिस आणि मेंटेन यांनी १९१३ साली याच इन्व्हर्टेजवर काम केलं, तेव्हा नमुन्यात अल्कली घालून एन्झाइम थांबवलं, वलन स्थिर होऊ दिलं आणि मगच वाचन घेतलं. तुम्हीही तसंच करा.

३. एन्झाइम अडकवायचं की पेशी?

विकत आणलेलं शुद्ध इन्व्हर्टेज थेट अल्जिनेटमध्ये मिसळून मणी पाडता येतात, पण अल्जिनेटची जाळी बऱ्यापैकी मोकळी असते आणि एन्झाइम हळूहळू गळत राहतं. गळती थांबवायची तर ग्लुटरल्डिहाइडने जोडणी करावी लागते किंवा कायटोसानसारख्या आधारावर एन्झाइम रासायनिक बंधाने बसवावं लागतं. ग्लुटरल्डिहाइड त्वचेला आणि श्वासनलिकेला त्रासदायक आहे. ते हाताळायचं तर हातमोजे आणि फ्यूम हूड लागतात. पहिल्या कॉलमला ही कटकट नको.

यीस्टमध्ये इन्व्हर्टेज मुख्यतः पेशीपटल आणि पेशीभित्तिका यांच्यामधल्या जागेत असतं. त्यामुळे सुक्रोजला पेशीच्या आत शिरावंच लागत नाही. भित्तिकेपर्यंत पोहोचलं की काम झालं. अख्खी पेशी मण्यातून सुटत नाही. म्हणून सुरुवातीला अख्खं यीस्ट अडकवा, असंच मी सांगेन.

याची एक किंमत आहे. जिवंत यीस्ट ग्लुकोज खातं आणि कार्बन डायऑक्साइड सोडतं. मण्यांच्या पोटात वायू साठून ते तरंगायला लागतात, फुटतात, शिवाय तुमची साखरही कमी होते. उपाय पुढच्या टप्प्यात आहे.

४. मणी पाडा

४ टक्के सोडियम अल्जिनेटचं द्रावण करा. पावडर एकदम ओतली तर बाहेरून चिकट आणि आतून कोरड्या गुठळ्या होतात, त्या तासन्‌तास विरघळत नाहीत. पाणी जोरात ढवळत ठेवा आणि भोवऱ्याच्या कडेवर पावडर चिमटी-चिमटीने भुरभुरवा. द्रावण दाट मधासारखं होईल. ते रात्रभर झाकून ठेवा, आतली हवा निघून जाते. ऑटोक्लेव्ह करू नका. उष्णतेने अल्जिनेटच्या साखळ्या तुटतात आणि मणी मऊ होतात.

दुसऱ्या दिवशी ६० मिली अल्जिनेट आणि ६० मिली यीस्टचं पाणी (१२ ग्रॅम सुकं यीस्ट ६० मिलीपर्यंत आणलेलं) हलक्या हाताने एकत्र करा. अंतिम मिश्रणात अल्जिनेट २ टक्के आणि यीस्ट १० टक्के येतं. आपल्या कॉलमला एवढे मणी पुरतात आणि चाचणीसाठी थोडे उरतात.

०.१ ते ०.२ मोलर कॅल्शियम क्लोराइडचं द्रावण मंद ढवळत ठेवा आणि त्यात सिरिंजने थेंब सोडा. सुईचं टोक पृष्ठभागापासून अर्धी वीत तरी वर हवं. फार जवळ धरलं तर मण्याला शेपूट येतं, फार उंच धरलं तर थेंब आपटून चपटा होतो. थेंब पाण्यात शिरताच त्याच्याभोवती साय धरते आणि काही सेकंदांत तो तळाशी बसतो. तरंगत राहणारा मणी दिसला तर त्यात हवा आहे, तो बाजूला काढा. सगळे मणी त्याच द्रावणात तासभर मुरू द्या. बोटात दाबल्यावर रबरासारखा परत फुलणारा मणी चांगला. पिठासारखा विरघळणारा कॉलममध्ये टिकणार नाही.

मण्यांचा आकार २ ते ३ मिमी ठेवा. मोठ्या मण्याच्या गाभ्यापर्यंत सुक्रोज पोहोचतच नाही, तिथलं यीस्ट नुसतं बसून राहतं. फार बारीक मणी कॉलममध्ये घट्ट बसतात आणि दाब वाढतो.

आता यीस्टचा बंदोबस्त. धुतलेले मणी थोडं कॅल्शियम घातलेल्या अॅसिटेट बफरमध्ये (पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात, तपशील पुढच्या टप्प्यात) ५५ अंश से. ला अर्धा ते एक तास ठेवा. पेशी मरतात, किण्वन थांबतं आणि इन्व्हर्टेज बहुतांशी शाबूत राहतं. 'बहुतांशी' म्हणजे किती हे तुमच्या यीस्टवर अवलंबून आहे, म्हणून गरम करण्याआधी आणि नंतर मूठभर मण्यांची चंचुपात्रात चाचणी घ्या: ढवळत्या सुक्रोजमध्ये टाका, दर पाच मिनिटांनी नमुना काढा, सुरुवातीचा वेग लिहून ठेवा. हाच आकडा पुढे कॉलमच्या तब्येतीचा संदर्भ होईल.

५. बफर निवडताना थांबा

हे अगदी छोटं आहे, पण याने अख्खा कॉलम एका रात्रीत लापशी होऊ शकतो. अल्जिनेटचे मणी कॅल्शियममुळे धरून राहतात. फॉस्फेट आणि सायट्रेट हे दोन्ही बफर ते कॅल्शियम काढून घेतात. अॅसिटेट वापरा: ०.०५ मोलर, पीएच ४.५ ते ५. इन्व्हर्टेजलाही हाच पीएच मानवतो. आत जाणाऱ्या साखरेच्या द्रावणात दर लिटरला १० मिलिमोल कॅल्शियम क्लोराइड घाला, म्हणजे धुपून जाणाऱ्या कॅल्शियमची भरपाई होत राहते. ईडीटीएही कॅल्शियम धरून काढून घेतं, ते असलेलं काहीही कॉलमजवळ आणू नका.

६. कॉलम भरा

कॉलममध्ये आधी निम्म्यापर्यंत बफर घ्या आणि मग मणी सोडा. कोरड्या कॉलममध्ये मणी भरले तर मध्ये हवेच्या पोकळ्या राहतात आणि द्रावण त्या टाळून कडेकडेने पळतं. वर-खाली जाळी लावा.

प्रवाह खालून वर द्यावा असं माझं मत आहे. वरून खाली दिला तर मऊ मणी स्वतःच्या आणि द्रावणाच्या भाराने खाली दबत जातात. खालून वर जाताना बुडबुडेही आपोआप निघून जातात.

बुडबुड्यांचा उगम अनेकांच्या लक्षात येत नाही. थंड द्रावणात हवा जास्त विरघळलेली असते. ते ५० अंश से. ला चालणाऱ्या आपल्या कॉलममध्ये शिरलं की ती हवा मण्यांमध्येच सुटते. यीस्ट मेलेलं असूनही बुडबुडे दिसत असतील तर बहुधा हेच कारण. द्रावण कॉलमच्या तापमानापेक्षा थोडं जास्त गरम करून, ढवळून हवा काढून घ्या आणि मग पंपाला जोडा.

७. प्रवाह ठरवा

आपल्या कॉलमचं आकारमान सुमारे १४७ मिली. गोल मणी भरल्यावर साधारण ४० टक्के जागा मोकळी राहते, म्हणजे ५९ मिली. प्रवाह मिनिटाला २ मिली असेल तर द्रावण मण्यांमध्ये सुमारे अर्धा तास थांबतं. हा झाला रेसिडन्स टाइम. काही जण मोकळी जागा न धरता अख्ख्या १४७ मिलीला भागतात आणि ७३ मिनिटं म्हणतात. दोन्ही रीती चालतात, पण कुठली वापरली ते लिहा. नाहीतर दुसऱ्याच्या आकड्यांशी तुलनाच होत नाही.

पंपाच्या डायलवर विसंबू नका. नळी दबून दबून सैल होते आणि प्रवाह नकळत उतरतो. बाहेर पडणारं द्रावण दहा मिनिटं मोजपात्रात धरा आणि रोज खरा आकडा नोंदवा. प्रवाह कमी झाला की रूपांतर वाढतं, आणि 'आज कॉलम छान चाललाय' असा गैरसमज होतो.

प्रवाह बदलल्यावर किमान तीन रेसिडन्स टाइम जाऊ द्या, मग नमुना घ्या. ४, ३, २, १ मिली असे प्रवाह लावून प्रत्येक ठिकाणी रूपांतर मोजा आणि शेवटी पुन्हा ४ वर या. पहिलं आणि शेवटचं वाचन जुळलं नाही तर मधल्या काळात कॉलम बदललाय, आणि तो आलेख प्रवाहाचा परिणाम दाखवतोय असं म्हणता येत नाही.

मिनिटाला २ मिली आणि लिटरला १०० ग्रॅम सुक्रोज धरलं तर दिवसाला २.८८ लिटर, म्हणजे २८८ ग्रॅम सुक्रोज आत जातं. ९० टक्के रूपांतर असेल तर सुमारे २७३ ग्रॅम ग्लुकोज-फ्रुक्टोज मिळतं. सुक्रोज दाट केलं तर हे आकडे त्याच पटीत वाढतील असं समजू नका: फार दाट पाकात इन्व्हर्टेजचा वेग उलट उतरतो, आणि दाट पाक मण्यात शिरायलाही कचरतो.

८. रूपांतर घसरलं तर कारण शोधा

घसरण होणारच, प्रश्न कशामुळे, हा असतो. खालच्या तपासण्या याच क्रमाने करा, स्वस्त आधी.

प्रवाह आणि तापमान तपासा. निम्म्या वेळा गोष्ट इथेच संपते.

आत जाणारं द्रावण तपासा. साखरेच्या कोमट पाण्यावर जंतू तुटून पडतात. बाटलीत किंवा नळीत बुळबुळीत थर दिसला, आंबूस वास आला की समजा, ते तुमची साखर खातायत. कॉलम ५० अंशांवर चालवल्याने बराच आळा बसतो, पण बाटली टेबलावर थंड असेल तर जंतू तिथे वाढतात. द्रावण गाळून, रोज ताजं करा.

गळती तपासा. ही चाचणी मला फार आवडते, कारण तिला काहीच लागत नाही. कॉलममधून बाहेर आलेला नमुना दोन भागांत वाटा. एक भाग लगेच डीएनएसमध्ये टाका, दुसरा मण्यांशिवाय त्याच तापमानाला तासभर ठेवून मग मोजा. दुसऱ्यात साखर वाढलेली दिसली तर एन्झाइम बाहेर येतंय. यासाठी मुळात थोडं सुक्रोज शिल्लक असायला हवं, म्हणून नमुना जलद प्रवाहावर घ्या.

यातलं काहीच नसेल तर कॉलममधून थोडे मणी काढा आणि चौथ्या टप्प्यातली चंचुपात्रातली चाचणी तशीच पुन्हा घ्या. वेग तेवढाच आला तर एन्झाइम ठणठणीत आहे आणि द्रावण कुठेतरी वाट काढून निसटतंय: कॉलम उपसून पुन्हा भरा. वेग उतरला असेल तर एन्झाइमच थकलंय. मग त्याचा अर्धायुष्यकाळ काढा. तो ३० दिवस आला, तर ६० दिवसांनी ताकद पाव राहते. कारखान्यात अशा वेळी कॉलम लगेच फेकत नाहीत. ताकद उतरेल तसा प्रवाह कमी करून रूपांतर तेवढंच ठेवतात आणि वेगवेगळ्या वयाचे कॉलम जोडीने चालवतात, म्हणजे एकूण उत्पादन फार हलत नाही.

९. बंद ठेवायचा असेल तर

साखर पूर्ण धुऊन काढा, कॅल्शियम घातलेलं अॅसिटेट बफर भरा आणि ४ अंश से. ला ठेवा. गोठवू नका, बर्फाने मण्यांची जाळी फाटते. आणि प्रयोगशाळेत तयार झालेला पाक चाखू नका, कितीही साधी साखर असली तरी.

१०. पुढे ग्लुकोज आयसोमरेजकडे जाणार असाल तर

हात बसला की बहुतेकांना ग्लुकोजपासून फ्रुक्टोज करून पाहावंसं वाटतं. फ्रुक्टोज सिरपचा उद्योग याच एन्झाइमच्या कॉलमवर उभा आहे. पण इथली रीत तिथे जशीच्या तशी चालत नाही. ही प्रतिक्रिया दोन्ही दिशांनी जाते: ६० अंशांच्या आसपास फ्रुक्टोज निम्म्यावर अडतं. शेवटचे काही टक्के मिळवायला फार वेळ जातो, म्हणून कारखाने ४२ टक्क्यांवर थांबतात आणि ५५ टक्क्यांचं सिरप हवं असेल तर पुढे क्रोमॅटोग्राफीने फ्रुक्टोज वेगळं करून त्यात मिसळतात. पीएच ७.५ ते ८ लागतो, मॅग्नेशियम लागतं, आणि कॅल्शियम या एन्झाइमला बाधतं. स्टार्चपासून ग्लुकोज करताना वापरलेल्या अल्फा-अमायलेजला मात्र बहुधा कॅल्शियम दिलेलं असतं, त्यामुळे ते सिरप आयन-विनिमय रेझिनमधून काढूनच पुढे पाठवतात. साहजिकच कॅल्शियम अल्जिनेटचे मणी इथे बाद. त्याऐवजी ग्लुटरल्डिहाइडने जोडलेल्या पेशींचे दाणे किंवा आयन-विनिमय आधारावर बसवलेलं एन्झाइम घ्या. तयार दाण्यांच्या माहितीपत्रकात मॅग्नेशियमचं प्रमाण आणि कॅल्शियमची कमाल मर्यादा दिलेली असते, ती द्रावण करण्याआधी वाचा.